पोप आणि वर्ड्‌स्वर्थ: बुद्धी विरुद्ध भावना एवढाच फरक आहे का?

प्रश्न

पोपसारख्या कवींची अठराव्या शतकातील इंग्रजी बुद्धिवादी कविता आणि तिच्या पाठोपाठ आलेली रोमँटिक (स्वच्छंदतावादी) कविता यांतील विरोध बहुतेक पुस्तकांत ‘बुद्धी विरुद्ध भावना’ असा एका फटक्यात उरकलेला दिसतो. परंतु कविता म्हणजे उत्कट भावनांचा उत्स्फूर्त ओघ, असे ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाच्या १८०० सालच्या प्रस्तावनेत लिहिणारा रोमँटिक कवी वर्ड्‌स्वर्थ तेथेच पुढे सांगतो की, मोलाची कविता दीर्घकाळ आणि खोलवर विचार केलेल्या माणसाच्याच हातून घडते. मग हा विरोध नेमका कोठे शोधावा?

पहिले उत्तर

तो सामान्य आणि विशिष्ट यांच्यात शोधावा, असे मला वाटते. अठराव्या शतकातील लेखक जॉन्सनच्या ‘रासेलास’ या कथेत (१७५९) एक पात्र म्हणते की, ट्यूलिपच्या पाकळीवरील रेघा मोजणे हे कवीचे काम नव्हे, त्याने संपूर्ण प्रजातीचे वर्णन करावे, एखाद्या एकट्या नमुन्याचे नव्हे. याउलट रोमँटिक कवी ब्लेकने चित्रकार रेनल्ड्‌सच्या कलाविषयक व्याख्यानांच्या प्रतीत समासात लिहून ठेवले की, सामान्यीकरण करणे हा मूर्खपणा आहे. (समासातील त्याचा राग मूळ व्याख्यानांपेक्षा अधिक वाचनीय आहे, हे जाता जाता.)

हा फरक ओळींच्या बांधणीतही दिसतो. पोपचे ‘चुकणे मानवी, क्षमा करणे दैवी’ हे प्रसिद्ध वचन मूळ इंग्रजीत पाहावे: ‘To err is human; to forgive, divine’. ओळीचे दोन भाग तराजूच्या पारड्यांसारखे आहेत आणि दुसऱ्या भागातील क्रियापद गाळलेले आहे, कारण वाचक ते पहिल्या भागातून आपसूक उचलणार, याची कवीला खात्री आहे. कवी आणि वाचक यांची बुद्धी एकच आहे, हे येथे गृहीत धरलेले असते. आता १७९८ सालची ‘टिंटर्न ॲबी’ ही कविता घ्या. वर्ड्‌स्वर्थ समोरच्या झुडपांच्या कुंपणांचा उल्लेख करतो आणि लगेच स्वतःलाच अडवतो: कुंपणे तरी कसली, मोकाट वाढलेल्या झाडीच्या लहानशा रेघाच त्या. पोपने ही दुरुस्ती छापण्यापूर्वीच केली असती. येथे मात्र ती कवितेतच राहू दिली आहे, कारण एका विशिष्ट माणसाची नजर विशिष्ट स्थळी कशी सरकते, हाच त्या ओळींचा विषय आहे.

दुसरे उत्तर

वरील मत मला पटते, मात्र इंद्रधनुष्याचा वाद, म्हणजे विज्ञानाने उलगडा केल्यावर त्याचे सौंदर्य वाढते की उडून जाते हा वाद, वगळून चालणार नाही. न्यूटनच्या निधनानंतर १७२७ मध्ये लिहिलेल्या कवितेत थॉमसन या कवीला न्यूटनच्या प्रकाशविज्ञानामुळे इंद्रधनुष्य अधिकच सुंदर वाटते. रोमँटिक कवी कीट्‌स मात्र ‘लॅमिया’त (१८२०) तक्रार करतो की, थंड तत्त्वज्ञानाच्या (तेव्हा या शब्दात विज्ञानही येई) स्पर्शाने सारी मोहिनी उडून जाते आणि इंद्रधनुष्य सामान्य वस्तूंच्या नीरस यादीत जमा होते. तरीही रोमँटिक कवी विज्ञानाचे वैरी होते, असे म्हणता येत नाही. कोलरिज हम्फ्री डेव्हीच्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांना हजर राहत असे आणि वर्ड्‌स्वर्थने न्यूटनचा पुतळा पाहून विचारांच्या अनोळखी सागरांतून एकट्याने प्रवास करणाऱ्या मनाचे चित्र रेखाटले. त्यातील ‘एकट्याने’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याचे नियम सर्वांना सारखेच लागू पडतात, तो न्यूटनही येथे एकाकी प्रवासी झाला आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. पण या हिशेबात रोमँटिक कवी बायरन कोठे बसवायचा? तो तर पोपला आपल्या समकालीनांपेक्षा कितीतरी वरचा मानत असे.

तिसरे उत्तर

बायरन या मांडणीत नीटसा बसत नाही, आणि त्याला ओढूनताणून बसवूही नये. त्याहून अवघड उदाहरण कीट्‌सचेच आहे. ज्या ‘लॅमिया’त तो थंड तत्त्वज्ञानाविरुद्ध तक्रार करतो, ती पोपच्या आधीचा कवी ड्रायडन याच्या अभ्यासातून घडलेली कविता आहे आणि तिचा छंद पोपचाच, म्हणजे दहा अक्षरी यमकबद्ध द्विपदीचा आहे.