उघड्यावर उभ्या गाडीला गारांपासून कसं वाचवायचं? (बेसा, ओपन पार्किंग)

बेसाकर
नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा रोडकडे भाड्यानं राहतो, तिसरा माळा. खालचं झाकलेलं पार्किंग फक्त फ्लॅटमालकांना, आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला कंपाउंडच्या भिंतीला लागून उघडी जागा. मागच्या मार्चात एकदा साडेपाचच्या सुमारास आभाळ असं काळंनिळं झालं की घरात लाईट लावावे लागले, आणि मग सुपारीएवढ्या गारा सुरू झाल्या. मी नुकताच ऑफिसातून येऊन चहा घेऊन राहिलो होतो, कप हातात घेऊन बाल्कनीतून नुसता पाहत राहिलो, करणार काय. सात-आठ मिनिटांत सगळं संपलं. खाली जाऊन पाहिलं तर गाडी ओली, बाकी काहीच नाही, म्हटलं वाचलो बावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरपं ऊन पडलं बोनेटवर तेव्हा कळलं, देवी निघाल्यासारखं अंग झालंय गाडीचं. टपावर २३ खड्डे मोजले, बोनेटवर ११, डिकीवर मोजायचं सोडून दिलं.
विम्याचा क्लेम केला नाही, एनसीबी (बिनक्लेम वर्षांची प्रीमियममधली सूट) जाईल म्हणून. आता परत तोच सीझन आला. आपल्याकडे साधं चंदेरी कव्हर आहे, त्यानं काही होते का? ऑनलाइन हवा भरायचं कव्हर पाहिलं पण किंमत पाहून बंद केलं. बायको म्हणते जुन्या गाद्या टाक. मला हसू आलं पण खरं सांगतो, दुसरं काही सुचूनही नाही राहिलं.

धरमपेठी
चंदेरी कव्हर धूळ आणि पक्ष्यांच्या शिटेसाठी आहे भाऊ, गारांसाठी नाही. माझं घातलेलं होतं, खड्डे पडायचे ते पडलेच, वरून वाऱ्यानं कव्हर फडफडून खालच्या धुळीनं रंगावर घासल्याचे बारीक चरे पडले ते वेगळे. म्हणजे दुप्पट नुकसान.
गारेचं गणित वाईट असते. गार आकारानं दुप्पट झाली की वजन आठपट होते, आणि मोठी गार पडते पण जास्त जोरात, त्यामुळे पत्र्यावर बसणारा मार दुप्पट नाही, सोळापटीच्या आसपास जातो. म्हणून हरभऱ्याएवढ्या गारा तासभर पडल्या तरी गाडीला काही होत नाही आणि लिंबाएवढ्या दोन मिनिटांत वाट लावतात. चार-साडेचार सेंटीमीटरची गार ताशी साठेक किलोमीटरनं येते. तिला थांबवायला कापडाचा एक थर पुरतो का, तुम्हीच सांगा. गार आणि पत्रा यांच्यामधे काहीतरी दबणारं पाहिजे, नाहीतर अंतर पाहिजे. वहिनी बरोबर बोलून राहिल्या.
हवेचं कव्हर मी वापरलेलं नाही. पण त्याला फुगवायला पंखा लागतो, आणि आपल्याकडे वादळ आलं की पहिले काय जाते? लाईट. काही गाडीच्या सॉकेटवर चालतात म्हणे, तरी ते फुगेपर्यंत वारा थांबणार आहे का.

काटोलचा_संत्रावाला
राजेहो, गारीचं दुःख आमाले इचारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात संत्र्याच्या मृग बहाराचा माल झाडावर होता अन् आंबिया बहाराचा फुलोरा, दोनही गेले. गाडीचे खड्डे तरी भरून निघते.
आता जाळीचं सांगतो. नाशकाकडे द्राक्षावर गारपिटीची जाळी टाकतात ना, तेच गाडीले चालते. पण लोक काय करतात, हिरवी शेडनेट आणतात अन् देतात चार बांबूवर सोडून. तिच्यात मधात झोळ पडते, झोळात गारा साचते, अन् सगळा गोळा टपावर येऊन बसते. जाळी ताणून पायजे अन् एका बाजूनं उतार पायजे, म्हणजे गार टप्पा खाऊन खाली घरंगळते. टपापासून कमीत कमी हात-दीड हात वर, कारण गार पडली की जाळी खाली दबते, तेवढी जागा सोडाच लागते. शेडनेट लय दाट असली तर वारा भरते शिडासारखा अन् पाइपासकट उपटून नेते. म्या पाइप दोन-दोन फूट जमिनीत काँक्रीटमधे गाडले तवा कुठं टिकले. उन्हानं जाळी कडक होते, टिकाऊ म्हणून देतात ती घेजो अन् दर साली उन्हाळ्याच्या आंधी हातानं ओढून पायजो, फाटत असन तर बदलून टाकजो.
टिनाचा शेड सगळ्यात चांगला, पण तो भाड्याच्या जागेत कोण बांधू देते. अन् नट-बोल्ट ढिले असले तर तेच टिन उडून गाडीवर येते.

पोट्टा_नंबर_१
इतकं काय टेन्शन घ्यायचं, वर्धा रोडच्या डबल डेकरखाली नेऊन उभी करायची, वर फ्लायओव्हर, त्याच्या वर मेट्रो, गार कुठून येते पाहतो 😄

धरमपेठी
तसंच सगळे करतात बे. गारा सुरू झाल्या की पुलाखाली रस्त्याच्या मधातच ब्रेक मारून उभे राहतात, आणि मागून येणाऱ्याला पावसात काही दिसत नाही. गार वाचते, डिकी जाते. न्यायचीच असेल तर आभाळ आल्यावर नाही, त्याच्या आधी न्या, आणि मॉलच्या नाहीतर हॉस्पिटलच्या बेसमेंटमधे पैसे देऊन लावा.
आणि हो, झाडाखाली तर लावूच नका. माझ्या भावानं गारांपासून वाचवायला कडुलिंबाखाली लावली होती. फांदी पडली. बोनेटच नाही, समोरचा काचही गेला.

मनीषनगरची_ताई
गाद्यांना हसू नका, मी तीन उन्हाळे झाले हेच करते. फक्त नुसती गादी फेकून चालत नाही, ती पहिल्याच झोतात खाली येते. माझी पद्धत सांगते. दोन जुन्या सिंगल गाद्या, एक टपावर आडवी अशी की तिचं टोक मागच्या काचेवर उतरेल, दुसरी बोनेटवर पण समोरच्या काचेचा अर्धा भाग झाकून. त्यावर ताडपत्री. ताडपत्री नाही टाकली तर गादी पाणी पिते, इतकी जड होते की एकटीनं उचलत नाही, शिवाय आमच्या लाल गादीचा रंग पांढऱ्या गाडीला लागला होता, पॉलिश करून काढावा लागला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून जोडलेल्या, त्या ताडपत्रीवरून आडव्या नेऊन दोन्ही बाजूंच्या चाकांत अडकवायच्या. आरशाला आणि वायपरला काही बांधायचं नाही. आणि परत चालवायच्या आधी ट्यूब काढली का बघायचं, हे एकदा विसरून झालंय 🙈
पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली होती. आता एकटीनं सहा मिनिटांत होते. हा वेळच महत्त्वाचा आहे दादा, कव्हर कितीही भारी आणा, आभाळ भरल्यापासून पहिली गार पडेपर्यंत ते चढलं नाही तर काय उपयोग. तुम्ही घड्याळ लावून एकदा कोरड्या दिवशी करून बघा. आणि गाडीशी दुपारी कोण असतं तेही बघा. आमचे हे ऑफिसात असतात, मग शिकले कोण, मी.
अंदाजाचं म्हणाल तर सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अलर्ट बघते, त्यात पावसाचं काय ते सोडून देते, गारपीट शब्द आहे का तेवढंच शोधते. असेल तर गाद्या जिन्यात आणून ठेवते. दुपारनंतर तीन तासांचा जो ताजा इशारा येतो तो आणि नागपूरच्या रडारचं चित्र. अलर्ट पूर्ण जिल्ह्याला असतो, गारा पडतात एका पट्ट्यात, वर्धा रोडला धुतात आणि कोराडी कोरडी. त्यामुळे पाचातल्या चार वेळा गाद्या फुकट बांधल्या जातात, ते धरूनच चालायचं. वीज कडाडायला लागली की मात्र खाली जायचं नाही, मग गाडी गेली खड्ड्यात. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप त्यासाठी ठेवलंय.

रिटायर्ड_सर्व्हेयर
क्लेम केला नाही हे वाचून वाईट वाटलं. बरेच लोक ही चूक करतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
गारपीट ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात येते, पॉलिसीच्या शब्दांतच वादळ, पूर यांच्या रांगेत लिहिलेली असते. नुसती थर्ड पार्टी असेल तर एक पैसा मिळत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये सक्तीचे तुमच्या खिशातून. एनसीबीची भीती लोक उगाच मोठी करतात. ती सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असते, पूर्ण प्रीमियमवर नाही. पहिलं वर्ष बिनक्लेम २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. समजा तो प्रीमियम ८००० आहे आणि तुम्हाला २५ टक्के मिळणार होते, म्हणजे यंदा २००० गेले, आणि शिडी परत खालून चढायची, तो पुढच्या वर्षांचा फरकही धरा. आता टप, बोनेट, डिकी तिन्हीचं डेंटिंग-पेंटिंग किती होते ते गॅरेजमधे विचारून या आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. चार-दोन खड्डे असतील तर क्लेम करू नये, हे मीच सांगेन. तुमच्याकडे चौतीस तर मोजलेलेच होते.
काचेवर घसारा (जुनी झाल्याची वजावट) कापत नाहीत, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के कापतात, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी असेल तर हा प्रश्नच नाही. समोरची काच दोन थरांची असते, तडकते पण जागेवर राहते. मागची आणि दारांची काच फुटली की एकदम साखरेसारखी खाली. म्हणून ताई गादीचं टोक मागच्या काचेवर उतरवतात ते अगदी योग्य. सनरूफ असेल तर त्याच्यावर आधी.
गारा थांबल्या की लगेच फोटो काढा, जमिनीवर गारा दिसतील असे, आणि दुसऱ्या दिवशी तिरप्या उन्हात परत. कंपनीला उशीर न करता कळवा, सर्व्हे व्हायच्या आधी हात लावू नका. रंग तडकला नसेल तर पेंटलेस डेंटचं विचारा. टपाचं आतलं अस्तर उतरवून सळईनं आतून हळूहळू दाबत खड्डा वर आणतात, कारखान्याचा मूळ रंग राहतो. हेअर ड्रायर आणि बर्फाचे व्हिडिओ पाहून वेळ घालवू नका. मागच्या मार्चचं मात्र आता विसरा, आणि पुढे क्लेम कराल तेव्हा हे जुने खड्डे वेगळे काढले जातील, म्हणून आजच तारखेसकट फोटो काढून ठेवा.

बेसाकर
सगळ्यांना थँक्यू, खास करून ताई आणि सर्व्हेयर काकांना. अपडेट देतो. मालकाला जाळीचं विचारलं, पाइप गाडायचं नाव काढताच फोनवर आवाज बदलला, तो विषय संपला. काकांचं गणित केलं तर क्लेम न करून मी चांगलाच भैताड ठरलो, जाऊ द्या. इतवारीतून ताडपत्री आणली, ट्यूबा पंक्चरवाल्यानं फुकट दिल्या. रविवारी प्रॅक्टिस केली, मला चौदा मिनिटं लागली, बायकोला नऊ. आता अलर्टमधे गारपीट दिसली की मी मिहानला ऑफिसात दुचाकीनं जातो आणि गाडी तिच्या भरवशावर घरी. माझ्या डोक्यावर गारा पडल्या तर हेल्मेट आहे.
काल दुपारी तिनं बांधून ठेवली, आभाळ गडगडलं, एक गार नाही पडली. संध्याकाळी घरी आलो तर वरच्या माळ्यावरचे काका खाली उभे, गाडीकडे पाहून म्हणतात, काहून बे, गाडी बाळंतीण झाली का?

काटोलचा_संत्रावाला
हसू दे त्याईले. गादी वाळवून ठेवजो भाऊ, ओली गुंडाळली का बुरशी लागते.