एचिंगमधले व्हेनिस: दगड रेषेने उभा राहतो, पण पाणी?

प्रश्न
अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार कनालेत्तो आणि एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी चित्रकार व्हिस्लर यांची व्हेनिसची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, आम्लाने रेषा कोरून आणि त्यांत शाई भरून काढलेली छापचित्रे) शेजारी ठेवून पाहिली, तर इमारतींच्या बाबतीत दोघेही रेषेवरच विसंबलेले दिसतात. पाणी मात्र दोघांचे अगदी वेगळे आहे. भिंतीला कडा असते, कमानीला वळण असते, पाण्याला यांतले काहीच नसते. व्हिस्लरच्या ‘नॉक्टर्न’ (रात्रिदृश्य) या एचिंगमध्ये तर पाण्याच्या जागी रेषा जवळजवळ नाहीत, तरीही तिथे सांजावलेले पाणी दिसते. हे काम आम्लाचे की छपाईचे?

उत्तर १
कनालेत्तोने १७३०च्या दशकाच्या मध्यापासून साधारण दहा वर्षांत तीसहून अधिक एचिंग्ज केली आणि तो संच जोसेफ स्मिथ या इंग्रज कॉन्सलला अर्पण केला. एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची दाट जाळी तो सहसा टाळतो आणि किंचित थरथरत्या, तुटक, समांतर रेषांमध्ये कागद कोरा सोडतो. पाण्यावरचा उजेड म्हणजे हा कोरा कागदच. त्याच्या भिंतीही अशाच रेषांच्या असल्याने सगळ्या दृश्यावर एकच ऊन पडल्यासारखे वाटते.

उत्तर २
व्हिस्लरचे पाणी बव्हंशी छपाईत घडले आहे. १८७९मध्ये दिवाळे निघाल्यावर तो लंडनच्या फाइन आर्ट सोसायटी या कलादालनासाठी बारा प्लेट्स करायला व्हेनिसला गेला आणि तीन महिन्यांऐवजी वर्षाहून अधिक काळ राहून सुमारे पन्नास प्लेट्स करून परतला. एरवी खाचांत शाई भरल्यावर प्लेटचा पृष्ठभाग स्वच्छ पुसतात. ‘नॉक्टर्न’ छापताना त्याने शाईचा पातळ थर मुद्दाम राखला, कुठे दाट, कुठे विरळ. त्यामुळे एका प्रतीत संधिप्रकाश, तर दुसरीत जवळजवळ रात्र आहे.

प्रश्नकर्ता
मग याला एचिंग म्हणायचे की प्लेटवरचे रंगकाम? एका प्लेटच्या प्रती सारख्या निघाव्यात, हीच तर अपेक्षा असते.

उत्तर ३
ती अपेक्षा व्यावसायिक छपाईची आहे. शाईचा थर राखून सतराव्या शतकातल्या रेम्ब्राँ या डच चित्रकारानेही छापले होते. शिवाय नुसत्या थराने पाणी होत नाही. जहाजाच्या डोलकाठ्या आणि पलीकडच्या इमारतींच्या मोजक्या खोदलेल्या रेषा पुसून पाहा, उरेल तो केवळ शाईचा डाग. व्हिस्लर समोरचे दृश्य थेट प्लेटवर काढत असे, म्हणून छापात व्हेनिस आरशातल्यासारखे उलटे येते आणि त्याने त्याची फिकीर केली नाही. स्थळाची अचूक नोंद हवी असणाऱ्यांनी मात्र कनालेत्तोकडेच जावे, अर्थात त्याच्या संचातलीही काही दृश्ये कल्पित आहेत.