मदत हवी आहे: आईच्या नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी विजया तेल

आई ७१ वर्षांची, दादरला असते. नागीण बरी होऊन दीड वर्ष झालं, पण बरगडीखालची आग जात नाही. पदर घासला तरी कळवळते. प्रीगाबालिनने (नसांच्या दुखण्यावरची गोळी) चक्कर येऊन दोनदा पडली. लिडोकेनचे (बधिर करणारे) पॅच, नर्व्ह ब्लॉक म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, सगळं झालं. आता वैद्यांनी विजयेचं, म्हणजे भांगेच्या पानांचं तेल रीतसर चिठ्ठीवर लिहून दिलंय. (१९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा-चरस येतात, नुसती पानं नाहीत. त्यावर वाद नको.)

अडचण वेगळीच आहे. आई वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि भांगेतल्या सीबीडी या घटकाने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढू शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. हृदयाचे डॉक्टर ‘भांग’ ऐकूनच हसले. तेल अजून उघडलेलं नाही.

वैद्य आणि डॉक्टर, दोन्हीकडचं ऐकून घेणारं पेन क्लिनिक मुंबईत कुठे आहे? आणि वॉरफरिनवर असताना कुणी हे घेतलं असेल, तर आयएनआर किती दिवसांनी तपासायला सांगितला होता?