मदत हवी आहे: एचपीएलसीवरून यील्ड काढताना तीन आकडे येताहेत, खरा कोणता?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पॅरा-अमिनोफिनॉल आणि अ‍ॅसेटिक अनहायड्राइडपासून पॅरासिटामॉल करते आहे. पॅरा-अमिनोफिनॉल 2.18 ग्रॅम, म्हणजे 20 मिलिमोल. अनहायड्राइड थोडं जास्त. सगळंच्या सगळं झालं तर 3.02 ग्रॅम मिळायला हवं; त्याच्या जितके टक्के मिळालं, तो यील्ड.

सारख्याच दोन बॅच लावल्या. पहिली थंड करून गाळली, बर्फाच्या पाण्याने धुतली, वाळवली. भरली 2.27 ग्रॅम, म्हणजे 75 टक्के. दुसरी न गाळता मिथेनॉल-पाण्यात विरघळवली, 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरली, त्यातल्या 1 मिलीचे 100 मिली केले आणि एचपीएलसीत (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) इंजेक्ट केलं, डिटेक्टर 243 नॅनोमीटरच्या प्रकाशावर. आलेखात पॅरासिटामॉलच्या पीकचा (शिखराचा) एरिया 4,53,600. स्टँडर्डचा (माहीत असलेल्या प्रमाणाचं पॅरासिटामॉलचं द्रावण, 0.100 मिग्रॅ प्रति मिली) 4,20,000. यावरून 0.108 × 100 × 250 = 2700 मिग्रॅ, म्हणजे 89 टक्के.

आणि त्याच क्रोमॅटोग्रामखाली (यंत्राच्या आलेखाखाली) छापून येतं: पॅरासिटामॉल 96 टक्के, पॅरा-अमिनोफिनॉल 4 टक्के.

लॅबमधले सीनियर म्हणतात 96 लिही, सगळे तेच लिहितात. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे धड सांगताही येत नाही. दोन दिवस वही घेऊन बसले आहे. सोमवारी गाईडना दाखवायचं आहे. कृपया कुणीतरी समजावून सांगा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे, 96 अजिबात लिहू नका. तो यील्ड नाही, डिटेक्टरला जे दिसलं त्यातला वाटा आहे. 243 हा पॅरासिटामॉलच्या शोषणाचा कळस. पॅरा-अमिनोफिनॉल तिथे तेवढं शोषत नाही, म्हणून उरलेला कच्चा माल आहे त्याहून कमी दिसतो. हवेने तपकिरी होऊन जे बिघडलं आणि पीक म्हणून आलंच नाही, ते तर हिशोबातच नाही. पॅरा-अमिनोफिनॉलचंही वेगळं स्टँडर्ड लावा, मग 4 चे किती होतात ते कळेल.

89 हा द्रावणातला यील्ड, 75 हा हाती आलेला. दोन्ही खरे आहेत. दोन्ही लिहा, पण कोणता कसा काढला ते शेजारी लिहा. स्टँडर्डची शुद्धता गुणली का, तेही बघा.

2.70 आणि 2.27 मधले 0.43 ग्रॅम कुठे गेले? गाळलेलं पाणी किती होतं? 20 अंशांना लिटरभर पाण्यात पॅरासिटामॉल साधारण 13 ग्रॅम विरघळतं. ते पाणी फेकलं नसेल तर मोजून इंजेक्ट करा.

धागाकर्ती

फेकलं नव्हतं! धुण्याचं पाणी धरून 45 मिली होतं. आज इंजेक्ट केलं, त्यात 0.39 ग्रॅम निघालं. 2.27 आणि 0.39 मिळून 2.66, म्हणजे 88 टक्के. मनापासून आभार. पॅरा-अमिनोफिनॉलचं स्टँडर्ड उद्या लावते.