भाच्याला फ्लॅट नुसता राहायला द्यायचा आहे, कागद कोणता करावा?

मुलुंड_पूर्व:
सोसायटीतला वन बीएचके सध्या बंद आहे. सख्खा भाचा नोकरीसाठी मुंबईत येतोय, दोन वर्षं तिथे राहील. भाडं घ्यायचं नाही. चार हजार मेंटेनन्स आणि लाइट बिल तोच भरेल. घरचंच माणूस, करार कशाला, असं सगळे म्हणतात. कुणी म्हणतं, बारा वर्षं राहिला की जागा त्याची होते. तोंडी परवानगीवर दिलं तर नेमकं काय अडतं?

धोबीतलाव:
बारा वर्षांची भीती आधी काढून टाका. मुदत कायद्यातली बारा वर्षं, मालकाला न जुमानता जागा स्वतःची म्हणून अडवून बसणाऱ्याला लागू होतात. तुमच्या परवानगीने राहणारा वीस वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही. आधार किंवा रेशन कार्डावर तो पत्ता आला तरी तेवढ्याने मालकी येत नाही.

अडतं ते जागा परत घेताना. लिव्ह अँड लायसेन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी शुल्क घेऊन राहायला दिल्याचा कागद असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली, मुदत संपूनही कुणी निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. समोरच्याला ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क लागतं. पण त्याच कायद्यात लायसेन्सी म्हणजे शुल्क देऊन राहणारा. फुकट राहणाऱ्यासाठी हा जलद रस्ता बंद. मग लघुवाद न्यायालयात दावा, साक्षीपुरावा, अपील, आणि वर्षांमागून वर्षं.

गिरगावकर:
त्यात मेंटेनन्स तो भरणार, हे सगळ्यात नाजूक. दर महिन्याला त्याच्या खात्यातून पैसे जाताना दिसतात. उद्या बिनसलं तर तो म्हणेल, हेच भाडं, मी भाडेकरू. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात आणि उलट सिद्ध करायचा भार तुमच्यावर पडतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुलुंड_पूर्व:
मग शुल्क दाखवायचं का? किती?

धोबीतलाव:
हो, लिव्ह अँड लायसेन्स करारच करा, आणि शुल्क खरंच घ्यायचं. कागदावर एक रुपया लिहून मोकळं होऊ नका. मेंटेनन्सइतकी रक्कम शुल्क म्हणून ठरवा, ती तो तुमच्या खात्यात बँकेतून टाकेल, सोसायटीला तुम्ही भराल. चार हजार गुणिले २४ म्हणजे ९६,०००. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे २४०. वरच्या शंभरात ३०० धरा. मुंबईत नोंदणी फी १,०००. डिपॉझिट घेतलंत तर त्याचे वर्षाला १० टक्के हिशेबात मिळवायचे. नोंदणी आधारच्या अंगठ्यावर ऑनलाइन होते, दोन साक्षीदार लागतात.

मुदत तारखेनिशी लिहा. एक किल्ली मालकाकडे राहील आणि ताबा मालकाचाच, हे लिहा. कायमचं बांधकाम करणार नाही, हेही नक्की लिहा: सुखाधिकार कायदा १८८२ च्या कलम ६० प्रमाणे परवानगीच्या भरवशावर कुणी स्वखर्चाने कायमचं बांधकाम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. पोटमाळा किंवा गॅलरी बंदिस्त करायचा खर्च तुम्हीच करा, बिल तुमच्या नावाने घ्या.

सोसायटी_सेक्रेटरी:
लाइटचं मीटर नावावरून हलवू नका. सोसायटीला लेखी कळवून कराराची प्रत द्या, मुंबई पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरा. मालक स्वतः न राहता दुसऱ्याला जागा देतो तेव्हा सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवा आकाराच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. जवळच्या कुटुंबीयांना ते माफ असतं, पण भाचा त्यात बसतो का, हे तुमच्या सोसायटीच्या उपविधींतल्या (नियमावलीतल्या) कुटुंबाच्या व्याख्येवरून पाहा.

गिरगावकर:
आणि निघाला नाहीच, तर रागाच्या भरात कुलूप बदलू नका, पाणी तोडू नका. जबरीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो आणि तिथे मालक कोण हा प्रश्नच मुख्य नसतो. नोटीस द्या, मुदत संपल्यानंतरचे पैसे खात्यात घेऊ नका, आणि अर्ज टाका. राहू द्यायचंच असेल, तर जुनी मुदत सरायच्या आत नवा करार नोंदवा.