कबड्डीच्या मोसमात बीजांडे गोठवणे कसे जमवावे?

लालबागची चढाईपटू:
नमस्कार. मी 31 वर्षांची असून एका बँकेच्या संघाकडून कबड्डी खेळते. चढाई हेच माझे काम. अजून निदान तीन मोसम खेळायचे आहेत, लग्न ठरलेले नाही आणि घरी आई आडून आडून वयाचा विषय काढत असते. गेल्या महिन्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटले. माझे एएमएच (अंडाशयात किती बीजांडे उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) वयाच्या मानाने कमी असल्याचे सांगून त्यांनी बीजांडे गोठवण्याचा सल्ला दिला आणि आधी तीन महिने घेण्यासाठी डीएचईए या संप्रेरकाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी खेळाडू असल्याचे सांगितले तेव्हा ‘मग तब्येत ठणठणीतच असणार’ एवढेच ते म्हणाले. गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. या साऱ्यासाठी मैदानापासून किती दिवस दूर राहावे लागेल आणि डोपिंग चाचणीत काही अडचण येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरची डॉक्टर:
ताई, त्या गोळ्या सुरू केल्या नाहीत हे फार बरे झाले. डीएचईए हे ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत ॲनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, द्रव्यांमध्ये मोडते आणि त्यावर स्पर्धेच्या काळातच नव्हे, तर बाराही महिने बंदी असते. एएमएच कमी आले की आपल्याकडे या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्यांनी बीजांडे वाढतात याचा पुरावाही भक्कम नाही. म्हणजे फायदा संशयास्पद आणि बंदीचा धोका मात्र खरा.

उपचारातील मुख्य औषधांबाबत तुम्ही निश्चिंत राहू शकता. अंडाशयांना चालना देणारी एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शने यादीत नाहीत, आणि शेवटच्या टप्प्यात देतात त्या एचसीजी या संप्रेरकावरची बंदी फक्त पुरुष खेळाडूंना लागू आहे. सांभाळायचे ते लेट्रोझोल आणि क्लोमिफेन या गोळ्यांना. वंध्यत्वाच्या उपचारांत त्या नेहमीच्या असल्या तरी स्त्री खेळाडूंनाही त्यांची बंदी कायम लागू असते. काही डॉक्टर जोडीला ग्रोथ हार्मोन देतात, त्याचेही तेच. यांपैकी एखादे औषध खरोखरच आवश्यक ठरले, तर ते घेण्यापूर्वी ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे उपचारासाठी सवलतीचा अर्ज करावा लागतो, ज्याला खेळाडू टीयूई म्हणतात. बीजांडे काढताना शिरेतून सलाइन दिले, तर रुग्णालयातील उपचाराचा भाग म्हणून ते नियमांत बसते, परंतु त्याचा कागद जपून ठेवावा. थोडक्यात, दवाखान्यात ‘मी खेळते’ असे सांगून भागत नाही. प्रत्येक औषधाचे नाव लिहून घेऊन ते यादीशी ताडून पाहावे लागते.

एक विचारायचे राहिले. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या काही महिने सलग घेतल्या आहेत का? तसे असेल तर एएमएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, म्हणून गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा तपासणे योग्य.

माजी व्हॉलीबॉलपटू, मुलुंड:
मी 33व्या वर्षी हे केले, म्हणून दिवसांचा हिशेब सांगते. इंजेक्शने सुमारे दहा ते बारा दिवस चालली, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी झाली, शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण 36 तासांनी भूल देऊन बीजांडे काढली आणि त्याच संध्याकाळी मी लोकलने नव्हे, टॅक्सीने घरी आले. पण खरा खोळंबा त्यानंतरचा असतो. या काळात अंडाशय एरवीच्या कितीतरी पट फुगतात आणि उड्या मारल्यास किंवा पोटावर आघात झाल्यास ते पिळले जाण्याची भीती असते. तसे झाले तर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. मला पाळी येऊन जाईपर्यंत कोर्टवर उतरू दिले नव्हते. तुमच्या खेळात तर चार जणी कमरेला विळखा घालून खाली पाडतात, तेव्हा चालण्याची परवानगी मिळाली म्हणून चढाईची मिळाली असे समजू नका. चार आठवडे मोकळे ठेवा, आणि तेही स्पर्धा संपल्यावरचे. अंगात पाणी साठून माझे वजन दोन किलोंनी वाढले होते. ते नंतर आपोआप उतरले.

आहारसल्लागार, ठाणे:
एक प्रश्न कोणीच विचारला नाही. तुमची पाळी नियमित येते का? भरपूर सराव आणि त्या मानाने अपुरे खाणे असेल तर मेंदूकडून अंडाशयांना जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी लांबते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. अशा वेळी बीजांडे संपलेली नसतात; शरीर फक्त काटकसर करत असते. हाडेही त्याच काळात ठिसूळ होतात. पाळीची तक्रार असेल तर दोन-अडीच लाख खर्च करण्यापूर्वी ताटाकडे पाहावे, असे माझे मत आहे.

दादरची डॉक्टर:
वरील मताशी सहमत आहे. कायद्याची एक बाजूही लक्षात असू द्या. 2021च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार बीजांडे जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. आज गोठवली तर 41व्या वर्षापर्यंत ती वापरावी लागतील. तुमच्या तीन मोसमांच्या बेतात ही मुदत सहज बसते. अविवाहित असल्याची अडचण नाही. मात्र गोठवलेली बीजांडे म्हणजे हमखास मूल नव्हे. वितळवताना काही वाया जातात, काहींचे फलन होत नाही, म्हणूनच एका फेरीत पुरेशी न मिळाल्यास दुसरी फेरी सुचवली जाते. पहिल्या भेटीतच किती बीजांडांची अपेक्षा आहे ते विचारा. तुमच्या लालबागशेजारच्या परळमध्येच, केईएम रुग्णालयात 1986मध्ये हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला होता. परळला जाणकारांची वाण नाही, दुसरे मत जरूर घ्या.

लालबागची चढाईपटू:
सर्वांचे मनापासून आभार. पाळी गेल्या वर्षभरात तीनदा चुकली आहे. ती सरावामुळे चुकते असे आम्ही सगळ्याच मुली धरून चालतो, म्हणून डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. गर्भनिरोधक गोळ्याही स्पर्धेच्या तारखांसाठी पाच महिने घेत होते. त्या आता थांबवते, डीएचईएचे पाकीट औषधाच्या दुकानात परत करते आणि मार्चमधील शेवटच्या स्पर्धेनंतर एएमएच पुन्हा तपासून घेते. आईला मात्र एवढेच सांगितले आहे की तपासण्या चालू आहेत.