मदत हवी आहे : जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांचे ३४० निबंध आणि जपानमधल्या विद्यापीठाबरोबर संशोधन

नमस्कार मंडळी,

पुण्यात गेली अकरा वर्षं घरी जपानीचे क्लास घेते. बहुतेक मुलं एन५-एन४ या सुरुवातीच्या पातळ्यांची, जुलै किंवा डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेसाठी आलेली. तपासलेला निबंध परत देण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ठेवायची सवय मला पहिल्यापासून आहे. आज कपाटात ३४० निबंध आहेत, त्यांच्याबद्दलच विचारायचंय.

आधी एक उदाहरण. 'पुण्यात राहतो' आणि 'पुण्यात काम करतो', दोन्हीकडे आपलं 'त'वर भागतं. जपानीत राहायला 'नि' लागतो (पुने नि सुन्दे इमास) आणि काम करायला 'दे' (पुने दे हाताराइते इमास). मुलं इथे हमखास अडकतात. परवा एकीनं 'दे' लिहून खोडलं, 'नि' केलं, परत खोडून 'दे' केलं. खोडरबरानं कागदाला भोक पडलंय तिथे. हे आपल्या 'त'मुळे होतं असं मी वर्गात इतकी वर्षं ठासून सांगत आले. पण चिनी आणि थाई मुलंही तिथेच घसरत असतील, तर मराठीचा काय दोष? ते माझ्या एकटीच्या कपाटातून कधीच कळणार नाही. याउलट 'खाऊन बघ' म्हणजे 'ताबेते मिरु' आणि 'सांगून ठेव' म्हणजे 'इत्ते ओकु' एवढं म्हटलं की इंग्रजी टिपणं वाचून गोंधळलेल्या मुलाचा चेहरा उजळतो. हेही कुठेतरी नीट मांडलं जावं असं फार वाटतं.

जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा 'आय-जॅस' नावाचा संग्रह आहे. जपानी शिकणाऱ्या १,००० जणांचं बोलणं-लिहिणं त्यात आहे, मातृभाषा १२ : चिनी, कोरियन, थाई, व्हिएतनामी, तुर्की, अगदी हंगेरियनसुद्धा. भारतातली एकही नाही. म्हणजे तुलनेला दुसरी बाजू तयार आहे, आपली बाजू माझ्यासारख्यांच्या कपाटात पडून आहे.

आता एका जपानी विद्यापीठातल्या प्राध्यापिका हे काम माझ्याबरोबर करायला तयार झाल्यात. दोघींनी मिळून नमुन्याचे २० निबंध वेगवेगळे तपासले, तर चूक कशाला म्हणायचं इथूनच मतभेद. मुलं शिक्षकांना उद्देशून 'आनाता' लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात आपलं 'तुम्ही' असतं. व्याकरण बरोबर म्हणून मी सोडून दिलं. त्यांनी प्रत्येक ठिकाणी खूण केली, कारण जपानी शिक्षकाला ते उद्धट वाटतं. मला हे भांडण फार मोलाचं वाटलं. एकटीनं तपासलं असतं तर ते माझ्या लक्षातच आलं नसतं.

पण मनात धास्ती आहे. चार वर्षांपूर्वी एका संस्थेला मी ६० निबंध खुणा करून दिले होते. लेख छापून आला, माझं नाव शेवटी आभारात. लेखी काहीच ठरलं नव्हतं, त्यामुळे बोलायलाही जागा उरली नाही. या बाईंवर माझा विश्वास आहे, तरी या वेळी आधी कागद करायचाय. त्यात काय काय असावं? लेखकांचा क्रम, निबंध कुणाच्या ताब्यात राहणार, पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरायचे झाले तर मला विचारायचं की नाही, एवढं मला सुचलंय. कुणी असा करार केला असेल तर मसुद्याची भाषा सांगाल का?

दुसरी अडचण परवानगीची. त्यांच्या विद्यापीठाला नैतिकता समितीचं पत्र हवंय. माझ्यामागे कॉलेज नाही, मग समिती कुठली? इथल्या एखाद्या विभागाला सहभागी करून घेतलं तर चालतं का, आणि ते कोणत्या अटीवर तयार होतात? शिवाय लिहिताना पन्नासेक मुलं १८ वर्षांखालची होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते. नावं आणि पत्ते झाकले तर पुरेल, की जुन्या पालकांना शोधून सह्या घ्याव्यात? काहींचे फोन नंबरही बदललेत.

जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवणाऱ्यांनीही जरूर लिहा. तुमच्याकडेही अशी कपाटं असतील. येत्या शनिवारी आमचं पुढचं बोलणं आहे, त्याआधी निदान कराराबद्दल काही कळलं तर फार मदत होईल.